ले-ऑफनंतर अनएम्प्लॉयमेंटचा अर्ज: जानेवारीपर्यंत थांबू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहता. एच-४ ईएडीवर (एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) सहा वर्षं एका कंपनीत क्यूएचं, म्हणजे गुणवत्ता तपासणीचं, काम केलंत, पगार वर्षाला ९२,००० डॉलर. नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात टीममधल्या चौघांना कमी केलं, त्यात तुम्ही. हातात दहा आठवड्यांच्या सेव्हरन्सचा, म्हणजे नोकरी जाताना कंपनी देते त्या पैशांचा, करार आहे, त्यावर सही अजून केलेली नाही. वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी १३ डिसेंबरला पुण्याला निघायचं आहे, तीन आठवड्यांसाठी. घरचं ग्रीन कार्ड मिस्टरांच्या नोकरीवर रांगेत आहे. आणि तुम्ही विचारता, सेव्हरन्स संपल्यावर, पुण्याहून परत आल्यावर जानेवारीत अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे बेकारी भत्त्याचा, अर्ज केला तर चालेल का? की सरकारपुढे हात पसरूच नये?

माझं उत्तर आधी सांगते, कारणं मग. अर्ज याच आठवड्यात करा. पुण्यात असाल त्या आठवड्यांचे पैसे मागू नका. या दोन वाक्यांत तुमच्या प्रश्नाचा बहुतेक भाग सुटतो.

मी बारा वर्षं एचआरमध्ये होते, म्हणजे हे कागद टेबलाच्या पलीकडून तयार करत होते. गेली नऊ वर्षं न्यू जर्सीतल्या एका वकिलाच्या ऑफिसात, नोकरी गेलेल्यांच्या बाजूने, अनएम्प्लॉयमेंटच्या अपिलांची तयारी करते. मी वकील नाही. या काळात आपली मराठी, तेलुगू, गुजराती माणसं पुष्कळ पाहिली. त्यांचे पैसे अपात्र ठरल्यामुळे फार क्वचित बुडाले. संकोचाने अर्ज उशिरा केला म्हणून बुडाले, किंवा दर आठवड्याच्या प्रश्नांना ‘चालून जाईल’ असं उत्तर दिलं म्हणून परत करावे लागले.

आधी हात पसरण्याबद्दल. तुमची एखादी जुनी पगारपत्रिका काढा. त्यात ‘एनजे यूआय’ (न्यू जर्सी अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, म्हणजे बेकारीचा विमा) किंवा तशाच नावाची एक बारीक ओळ असेल. अमेरिकेत बहुतेक राज्यांत या विम्याचा हप्ता फक्त मालक भरतो. कामगाराच्या पगारातूनही तो कापणारी राज्यं तीनच आहेत: अलास्का, पेनसिल्व्हेनिया आणि आपलं न्यू जर्सी. २०२५ मध्ये पहिल्या ४३,३०० डॉलर पगारावर ०.३८२५ टक्के, म्हणजे साधारण १६५ डॉलर, तुमच्याकडून गेले आहेत. मालकाने वेगळे भरले आहेत. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने ही व्यवस्था देशभर उभी केली तेव्हापासून तिची कल्पना विम्याचीच आहे. गाडीला धक्का लागल्यावर आपण इन्शुरन्स कंपनीला फोन करतो, तेव्हा कुणाकडे भीक मागतोय असं वाटत नाही. इथेही तसं वाटायचं कारण नाही.

आता थांबण्याचा हिशोब. न्यू जर्सीत क्लेमची, म्हणजे भत्त्याच्या दाव्याची, तारीख ही तुम्ही अर्ज केला त्या आठवड्याचा रविवार असते. तुम्ही अमुक तारखेपासून घरी बसला होता म्हणून मागचे आठवडे आपोआप जोडले जात नाहीत. मागची तारीख मिळवायला सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ‘मला वाटलं सेव्हरन्स संपायला हवी’ हे कारण सहसा टिकत नाही. तुमच्या पगाराचा आठवड्याला सरासरी १,७६९ डॉलर हिशोब होतो. भत्ता त्याच्या ६० टक्के असतो, ते १,०६१ होतात, पण २०२५ च्या क्लेमना कमाल मर्यादा ८७५ डॉलरची आहे, म्हणून तुम्हाला ८७५. आज अर्ज केलात तर निघण्यापूर्वी चार पूर्ण आठवडे हातात आहेत, म्हणजे ३,५०० डॉलर. जानेवारीत केलात तर हे चार आठवडे गेले.

यावर कुणी म्हणेल की एकूण आठवडे तर २६ च आहेत, ते नंतर मिळतील. खरं आहे, पण तुम्ही सहा महिन्यांहून जास्त काळ बेकार राहिलात तरच. फेब्रुवारीत नोकरी लागली तर? नोकरी कधी लागेल हे आज कुणालाच ठाऊक नाही, म्हणून आजचा आठवडा सोडू नये. एक अपवाद मी सांगत असते: कमाल मर्यादा दर १ जानेवारीला बदलते आणि क्लेम सुरू झाला त्या वर्षाची मर्यादा त्याला लागू होते. डिसेंबरच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत नोकरी गेलेल्या, चांगल्या पगाराच्या माणसाने नवीन वर्ष उजाडेपर्यंत थांबणं समजू शकतं. तुमच्या बाबतीत ते लागू नाही.

पात्रतेचा भाग तुमच्यासाठी सोपा आहे, म्हणून पटकन. नुकत्याच संपलेल्या पाच तिमाहींपैकी पहिल्या चार धरतात. नोव्हेंबर २०२५ च्या क्लेमसाठी म्हणजे १ जुलै २०२४ ते ३० जून २०२५. या काळात किमान २० आठवडे प्रत्येकी ३०३ डॉलर तरी कमाई हवी, किंवा एकूण १५,२०० डॉलर. तुम्ही यात सहज बसता. मधे नोकरी सोडलेल्या, बाळंतपणाची सुट्टी घेतलेल्या किंवा नुकतीच पहिली नोकरी लागलेल्यांना हे जमत नसेल, तर अलीकडच्या तिमाही धरून पुन्हा बघण्याची सोय कायद्यात आहे. अशांनी पहिल्या नकारावर थांबू नये.

सेव्हरन्सबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कंपनी सोडताना मिळणाऱ्या पैशाला आपण सरसकट सेव्हरन्स म्हणतो. डिपार्टमेंट ऑफ लेबर, म्हणजे भत्ता देणारं राज्याचं कामगार खातं, तसं म्हणत नाही. सेवेच्या वर्षांवर ठरलेली, काम पूर्ण थांबल्यावर दिलेली रक्कम ही खरी सेव्हरन्स, आणि ती न्यू जर्सीत भत्त्याच्या आड येत नाही. पण कागदावर ‘नोटिशीऐवजी वेतन’ असं लिहिलं असेल, तर जितक्या आठवड्यांचं वेतन तितके आठवडे भत्ता नाही. तिसरा प्रकार, काम थांबवलं आहे पण पगार आणि आरोग्यविमा नेहमीसारखा चालू आहे. तिथे त्यांच्या दृष्टीने तुम्ही अजून बेकारच झालेल्या नाही. तुमच्या करारात दहा आठवडे म्हटलंय ते यातलं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या उत्तराचा हा एक भाग त्यावर अवलंबून आहे. करार उघडा आणि तीन गोष्टी शोधा: नोकरीचा शेवटचा दिवस कोणता, रकमेला नाव काय दिलंय, आणि ती एकरकमी आहे की पगाराच्या तारखांना. शेवटचा दिवस अजून यायचा असेल तर त्यानंतरच्या आठवड्यात अर्ज करा. दिवस होऊन गेला असेल तर आज करा, रक्कम खरी तशी सांगा, आणि ती कोणत्या प्रकारात बसते हे त्यांना ठरवू द्या.

करारावर सही करण्याचा आणि अर्जाचा एकमेकांशी संबंध नाही. ‘आधी सही करा, मग अर्ज करा’ असं एचआरने सांगितलं असेल तर ते ऐकायची गरज नाही. करारात भत्त्याचा हक्क सोडल्याची ओळ असली तरी कायद्याने ती टिकत नाही. तुमचं वय चाळीस किंवा त्याहून जास्त असेल आणि एकापेक्षा अधिक लोकांना एकदम कमी केलं असेल, आणि करारात वयाच्या भेदभावाचे दावे सोडून द्यायला सांगितलं असेल, तर विचार करायला ४५ दिवस आणि सहीनंतर ती मागे घ्यायला ७ दिवस मिळायला हवेत. आणखी एक चौकशी करा: तुमच्या टीममधले चौघे कळले, पण कंपनीत एकूण किती? १०० किंवा जास्त माणसांच्या कंपनीने ५० किंवा जास्त जणांना कमी केलं, तर १० एप्रिल २०२३ पासून न्यू जर्सीत ९० दिवसांची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवड्याचा पगार देणं कंपनीला बंधनकारक आहे. तुमचे सहा आठवडे मग कंपनीचा मोठेपणा राहत नाही, ते तुमचं हक्काचं येणं ठरतं. तसं असेल तर सहीपूर्वी वकिलाला एक तास द्या.

आता कोणत्या राज्यात अर्ज करायचा? तुमची कंपनी जर्सीतलीच आहे असं धरून चालले आहे. पण हे वाचणाऱ्या अनेकांची कंपनी मॅनहॅटनमध्ये असते आणि ते चार दिवस घरून काम करतात. अर्ज जिथे राहतो तिथे करायचा नसतो, जिथे काम केलं तिथे करायचा असतो. रोज ट्रेनने न्यूयॉर्कला जाणाऱ्याचा अर्ज न्यूयॉर्कला. पूर्णपणे जर्सीतल्या घरून काम करणाऱ्याचा सहसा जर्सीला, मग न्यूयॉर्कने त्याच्याकडून इन्कम टॅक्स घेतला असला तरी. इन्कम टॅक्सचा नियम वेगळा आणि या विम्याचा वेगळा. पगारपत्रिकेवर कोणत्या राज्याचा यूआय दिसतो ते बघून ठेवलं तर पुढची फोनाफोनी वाचते.

ईएडी आणि ग्रीन कार्ड. भत्त्यासाठी दोन वेळा काम करण्याची परवानगी हवी: जेव्हा पगार कमावला तेव्हा, आणि ज्या आठवड्याचा भत्ता मागताय त्या आठवड्यात. एच-४ ईएडी दोन्हींत चालतं, कारण त्यावर तुम्ही उद्या कुठल्याही मालकाकडे रुजू होऊ शकता. ग्रीन कार्डच्या अर्जावरचं ईएडी आणि एल-२ जोडीदारांची (कंपनीने बदलीवर आणलेल्यांच्या जोडीदारांची) कामाची परवानगी यांचंही तसंच. तुम्ही स्वतः एच-१बी व्हिसावर असता तर उत्तर वेगळं असतं. तिथे परवानगी एका मालकाशी बांधलेली असते. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि नवीन मालकाने सरकारकडे अर्ज (पिटिशन) केल्याशिवाय कामाला लागता येत नाही. म्हणून ‘कामासाठी उपलब्ध’ ही अट पुरी होत नाही आणि अर्ज सहसा नाकारला जातो.

तुमच्या ईएडीची मुदत कधी संपते? हे जरूर बघा. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की ईएडी आपोआप पुढे चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सवलत राहिलेली नाही. मधे एक महिन्याची फट पडली तर त्या महिन्याचा भत्ताही नाही. मुदतीच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, तो तेव्हाच करा.

ग्रीन कार्डवर परिणाम होईल का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. सरकारवर भार होण्याचा जो निकष इमिग्रेशनमध्ये आहे, त्यात अनएम्प्लॉयमेंट धरलेलं नाही. गरिबी बघून दिलेली ही मदत नव्हे, नोकरीतून कमावलेला लाभ आहे. ग्रीन कार्डला खरा धोका खोट्या उत्तराचा असतो. भत्ता घेतल्याचं स्पष्टीकरण कधी द्यावं लागत नाही, पण सरकारी फॉर्मवर खोटं लिहून पैसे घेतल्याचा ठपका वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. इमिग्रेशनचे नियम सध्या वारंवार बदलत आहेत, तेव्हा मिस्टरांच्या वकिलाला एक ईमेल टाकून उत्तर लेखी घेऊन ठेवा.

इथे पुण्याचा विषय येतो. दर आठवड्याला तुम्हाला विचारलं जाईल: तुम्ही कामासाठी सक्षम आणि उपलब्ध होता का? काम शोधलंत का? काही कमावलंत का? पुण्यात, वडिलांच्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालत असताना, तुम्ही न्यू जर्सीतल्या नोकरीसाठी उपलब्ध नाही. लॅपटॉपवरून चार अर्ज पाठवले तरी नाही. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. आई आजारी म्हणून ते नाशिकला गेले, आणि न्यू जर्सीतल्या भावाला पासवर्ड देऊन सहा आठवडे ‘उपलब्ध’ असं भरायला लावलं. पासपोर्टवरच्या शिक्क्यांनी सगळं उघड झालं. सहा आठवड्यांची रक्कम परत, वर २५ टक्के दंड, आणि एक वर्ष भत्ता बंद. त्यांची आई खरंच आजारी होती आणि पैशाची गरजही खरी होती. पण सुनावणीत त्या कशाचाही उपयोग झाला नाही.

त्यांना कुणी वेळेवर एवढंच सांगायला हवं होतं, की न मागितलेले आठवडे जळत नाहीत. तुमच्या खात्यावर २६ आठवड्यांची एकूण रक्कम असते, ८७५ च्या हिशोबाने २२,७५० डॉलर, आणि ती क्लेमच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत वापरायची असते. तीन आठवडे पुण्यात असल्यामुळे मागितले नाहीत, तर ते शिलकीत राहतात. परत आलात की क्लेम पुन्हा चालू करायचा, ऑनलाइन होतो, आणि पुन्हा दर आठवड्याला भरायला लागायचं. निघण्याच्या आणि परतीच्या आठवड्यातही खरं तेच लिहा. व्हीपीएन लावून (आपण कुठून लॉग-इन करतोय ते लपवून) आत शिरायचा विचारही मनात आणू नका.

अर्ज भरताना सोशल सिक्युरिटी नंबर, ईएडीवरचा ए-नंबर (इमिग्रेशनचा नोंदणी क्रमांक) आणि तारखा, आणि गेल्या १८ महिन्यांतल्या प्रत्येक मालकाचं नाव, पत्ता, रुजू झाल्याची आणि सुटल्याची तारीख जवळ ठेवा. ओळख पटवायला आयडी डॉट मी नावाची ऑनलाइन सेवा वापरतात. पासपोर्टवरचं आणि ईएडीवरचं नाव वेगळ्या क्रमाने छापलेलं असेल तर तिथे अडकतं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे आल्याने हे फार होतं. सोशल सिक्युरिटी कार्डवर आहे तसंच नाव लिहा. नोकरी सुटण्याचं कारण विचारतील तिथे ‘काम नसल्यामुळे कमी केलं’ हाच पर्याय निवडा. राजीनामा नाही, काढून टाकलं नाही, ‘परस्पर संमतीने’ही नाही.

राजीनाम्यावरून आठवलं. ‘राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असा सल्ला मॅनेजर प्रेमाने देतात. तो घेऊ नका. आमच्याकडची एक मुलगी असा दोन ओळींचा राजीनामा देऊन बसली आणि स्वतः नोकरी सोडली म्हणून तिला नकार आला. अपिलात ती जिंकली, कारण राजीनाम्याच्या आदल्या दिवशीचा एचआरचा ईमेल तिने स्वतःला पाठवून ठेवला होता: तुमची जागा रद्द होत आहे. तुमच्या कंपनीच्या लॅपटॉपचा ॲक्सेस अजून असेल तर ले-ऑफचं पत्र, करार आणि पगारपत्रिका आज आपल्या स्वतःच्या खात्यात घ्या. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र त्यात येऊ देऊ नका.

नकार आलाच तर पत्रावरच्या तारखेपासून २१ दिवसांत अपील करायचं. सुनावणी बहुधा फोनवर होते आणि दुभाषी मागितला तर विनामूल्य देतात. माझी या बाबतीतली सगळ्यात कळकळीची विनंती: अपील चालू असताना दर आठवड्याचं भरणं थांबवू नका. पैसे येत नाहीत म्हणून लोक भरणं सोडतात, दोन महिन्यांनी अपील जिंकतात, आणि त्या दोन महिन्यांचे पैसे मिळत नाहीत, कारण ते आठवडे मागितलेलेच नसतात.

काम शोधल्याची नोंद ठेवा. आठवड्याला तीन तरी ठिकाणी, तारीख, कंपनी, कसा संपर्क केला, काय उत्तर आलं. साधी एक्सेलची फाइल पुरते. करिअर सेंटरकडून मार्गदर्शनासाठी हजर राहण्याचं पत्र आलं तर ते ऐच्छिक नसतं. चुकवलंत तर पैसे थांबतात.

मधे एखादं छोटं काम मिळालं, तर घ्या. भत्त्याच्या २० टक्क्यांपर्यंत, तुमच्यासाठी १७५ डॉलरपर्यंत, काही कापत नाहीत. त्यापुढे जितकं कमावाल तितकं कमी होतं. आठवड्यात ३०० डॉलर कमावलेत तर भत्ता ७५० मिळेल, म्हणजे एकूण १,०५०. कमाई ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात, टॅक्स कापण्यापूर्वीची, दाखवायची. चेक कधी आला याला महत्त्व नाही.

टॅक्सचं एक सांगून थांबते. न्यू जर्सी या भत्त्यावर टॅक्स लावत नाही, फेडरल सरकार लावतं. अर्जात १० टक्के कापून घ्यायचा पर्याय आहे, तो निवडा. आठवड्याला ८७.५० डॉलर गेलेले जाणवत नाहीत, पण एप्रिलमध्ये एकदम दोन हजार भरायची वेळ आली की जाणवतं. आणि करारातली ती तीन वाक्यं, शेवटचा दिवस, रकमेचं नाव आणि देण्याची पद्धत, नावं-आकडे खोडून इथे लिहिलीत, तर तुमचे दहा आठवडे कोणत्या प्रकारात बसतात ते मी नक्की सांगेन. वडिलांना नमस्कार सांगा.